सेलम बंदर : दोन दिवसांच्या फेरीत दिसणारा व्यापाराचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यावर, बॉस्टन शहराच्या ईशान्येस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, सेलम हे लहानसे बंदर वसलेले आहे. बॉस्टनच्या उत्तर स्थानकावरून निघणारी आगगाडी अर्ध्या तासात तेथे पोहोचते. उन्हाळ्यात बोटीनेही जाता येते. त्यामुळे अभ्यासाच्या वा नोकरीच्या निमित्ताने बॉस्टनमध्ये राहणारी मंडळी एखादा शनिवार-रविवार सेलममध्ये घालवितात. गाव पायी हिंडून पाहण्याजोगे असल्याने दोन दिवस त्याला पुरतात. परंतु त्या दोन दिवसांत नेमके काय पाहावयाचे याचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. कारण जगाला सेलम ठाऊक आहे ते चेटकिणींचे गाव म्हणून.

इ. स. १६९२ मध्ये या परिसरात चेटूक केल्याच्या आरोपावरून दीडशेहून अधिक स्त्रीपुरुषांना धरण्यात आले. त्यांपैकी एकोणीस जणांना फाशी झाली. एका वृद्ध शेतकऱ्याने न्यायालयापुढे जबाब देण्याचे नाकारले म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याचा प्राण घेण्यात आला. आणखी काही जण तुरुंगातच मरण पावले. हा सारा प्रकार अवघ्या काही महिन्यांचा. त्याची सुरुवात जेथे झाली ते ‘सेलम खेडे’ आज सेलममध्ये नाहीच. त्याचे नाव डॅनव्हर्स असून ते स्वतंत्र गाव आहे. असे असले तरी आजच्या सेलमच्या पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचे चिन्ह आहे, आणि अलीकडे दर ऑक्टोबर महिन्यात दहा लाखांच्या घरात प्रवासी येथे लोटतात. ज्या दुर्दैवी माणसांनी आपण चेटूक करीत नाही असे शपथेवर सांगून मरण पत्करले, त्यांच्या नावावर चेटकिणीच्या टोप्या विकल्या जाव्यात, यातील विसंगती विचारी पाहुण्यास खटकल्यावाचून राहत नाही.

तथापि या एका वर्षाने सेलम नगर घडविलेले नाही. ते घडविले समुद्राने. आणि समुद्राने पाठ फिरविली तेव्हा ते जसे थबकले तसे पुष्कळ अंशी आजही उभे आहे. भारतीय, आणि विशेषतः मुंबईकडील, अभ्यासकाला या दुसऱ्या सेलममध्ये स्वारस्य असावयास सबळ कारण आहे. त्या सेलमच्या खुणा कोठे आहेत व त्या कशा वाचाव्यात हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फेरीला आरंभ करावयाचा तो डर्बी धक्क्यावरून. हा दगडामातीचा धक्का सुमारे अर्धा मैल समुद्रात शिरलेला असून त्याच्या टोकाशी १८७१ साली बांधलेले छोटे चौकोनी दीपगृह आहे. धक्क्याचे बांधकाम १७६२ च्या सुमारास सुरू झाले आणि १८०६ पर्यंत त्याची लांबी आजच्याइतकी झाली. आज त्यावर गवत आणि पाऊलवाट याखेरीज फारसे काही नाही. पूर्वी या संपूर्ण लांबीवर वखारी एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि त्यांच्या दारांशी जहाजे लागत. इतका लांब धक्का बांधण्याची गरज का पडावी, हा प्रश्न येथे उभे राहिल्यावर मनात यावयास हवा. त्याचे उत्तर ओहोटीच्या वेळी आपोआप मिळते. सेलमचे बंदर उथळ आहे. भरतीचे पाणी ओसरले की धक्क्याच्या दोन्ही बाजूंचा चिखल उघडा पडतो. जहाजांना पुरेसे पाणी मिळावे म्हणून धक्क्यालाच समुद्रात जावे लागले. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे सेलमच्या उत्कर्षाची मर्यादा आणि त्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण ही दोन्ही उलगडतात.

वसाहतीच्या काळात सेलमचा व्यापार माशांचा होता. खारवून सुकविलेले कॉड मासे येथून जात; त्यांतील चांगला माल युरोपात खपे आणि हलका माल वेस्ट इंडीज बेटांतील उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या पोटात जाई. तेथून परत येई ती काकवी, आणि तिची रम होई. सेलमच्या पहिल्या भांडवलाचा उगम असा आहे. धक्क्याजवळच्या नीटनेटक्या घरांकडे पाहताना त्याचा विसर पडू नये. स्वातंत्र्ययुद्धात येथील मालकांनी सरकारी परवाना घेऊन दीडशेहून अधिक खाजगी लढाऊ जहाजे समुद्रात सोडली आणि इंग्रजांची शेकडो जहाजे पकडली. १७८३ साली तह झाला तेव्हा मात्र मोठा पेच पडला. व्यापाऱ्यांपाशी वेगवान जहाजे होती आणि धीट खलाशी होते. परंतु अमेरिका आता परकीय राष्ट्र ठरल्याने ब्रिटिश वेस्ट इंडीजची बंदरे त्यांना बंद झाली. जुना धंदा गेला, नवा शोधणे भाग पडले. पूर्वेकडचा व्यापार निघाला तो या अडचणीतून.

यात अग्रभागी होता एलियास हॅस्केट डर्बी (१७३९–१७९९). त्याचे विटांचे घर, बांधकाम १७६२ चे, धक्क्यासमोर आजही आहे. डर्बी स्वतः समुद्रप्रवास करणारा नव्हता; खिडकीतून आपली जहाजे पाहणारा हिशेबी माणूस तो. त्याचे ‘ग्रँड टर्क’ जहाज १७८५ च्या अखेरीस निघून चीनमधील कँटनला गेले व १७८७ साली परतले. १७८८ साली त्याच्या ‘अटलांटिक’ या जहाजाने सुरत, मुंबई आणि कलकत्ता या बंदरांत अमेरिकेचे निशाण नेले. त्यानंतर लवकरच त्याच्या ‘पेगी’ या जहाजातून मुंबईचा कापूस मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरला. त्या काळी साष्टी इंग्रजांच्या हाती गेलेली होती. परंतु सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांकडे परत आलेली होती व पलीकडच्या कोकणपट्टीवर पेशव्यांचा अंमल होता. मुंबईच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या या नव्या निशाणाची पुण्याच्या दरबाराला दखल घ्यावीशी वाटण्याचे काही कारण नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीला मात्र ती घ्यावीच लागली. १७९४ च्या जे तहान्वये अमेरिकी जहाजांना ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील बंदरांशी व्यापार करण्याची मुभा मिळाली. अट एवढीच की तेथे भरलेला माल थेट अमेरिकेत न्यावा.

ही जहाजे आजच्या मानाने फारच लहान असत. पुष्कळांवर खलाशी वीस-तीसच, आणि कप्तान बहुधा तिशीच्या आतला. जहाजावर कप्तानाच्या जोडीला मालाचा एक कारभारी असे. कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, कोणत्या अडत्यावर विश्वास टाकावा हे तो ठरवी, कारण घरून आज्ञा यावयास वर्ष लागे. सेलममध्ये जन्मलेला नॅथॅनिएल बाउडिच (१७७३–१८३८) अशाच कामावर समुद्रात गेला. त्याने तेव्हा प्रचलित असलेल्या नौकानयनाच्या कोष्टकांतील हजारो चुका शोधून काढल्या व १८०२ मध्ये आपला स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या अमेरिकेचे सरकार अद्याप काढीत आहे. शालेय शिक्षण दहाव्या वर्षी सुटलेल्या माणसाचे हे कार्य आहे.

सगळ्यांत किफायतीचा माल म्हणजे काळी मिरी. जोनाथन कार्न्स या कप्तानाने सुमात्राच्या किनाऱ्यावर मिरी थेट मिळते हे हेरले आणि १७९७ साली ‘राजा’ नावाच्या तारवातून ती भरून आणली. या सफरीत भांडवलावर सातपट नफा झाला असे सांगतात. माल कोठून आणला हे गुपित काही काळ कसोशीने राखले गेले. पुढे अनेक वर्षे सुमात्राची मिरी सेलममध्ये येई व तेथून युरोपात फेरनिर्यात होई. सेलमच्या नगरमुद्रेवर या व्यापाराची खूण आहे : मिरीच्या वेली, छत्री धरलेला एक सुमात्रावासी आणि मागे शिडाचे जहाज. संपन्न पूर्वेच्या शेवटच्या बंदरापर्यंत, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य तिच्यावर कोरलेले आहे. गंमत अशी की, हीच मुद्रा ज्या नगरपालिकेची, तिच्याच पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवाली चेटकीण बसली आहे.

धक्क्याच्या तोंडाशी असलेले जकातघर १८१९ सालचे आहे. उंच पायऱ्या, विटांची भव्य दर्शनी भिंत आणि माथ्यावर सोनेरी मुलामा दिलेला गरुड पाहून व्यापाराच्या ऐन भराचे हे स्मारक असावे असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. हे जकातघर उभे राहिले तेव्हा सेलमच्या व्यापाराचा मध्यान्ह उलटून गेलेला होता. १८०७ च्या निर्बंधाने अमेरिकी जहाजांना परदेशी जाण्याचीच मनाई झाली. नंतर १८१२ ते १८१५ या काळातील इंग्रजांशी झालेल्या युद्धात अनेक जहाजे गमावली गेली. १७९७ साली बांधलेले ‘फ्रेंडशिप’ हे पूर्वेकडच्या कित्येक सफरी केलेले जहाज त्यांपैकी एक. त्याची पूर्णाकृती प्रतिकृती १९९० च्या दशकात बांधण्यात आली. त्यानंतर जहाजे मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागू लागले आणि ती बॉस्टन व न्यूयॉर्ककडे वळली. १८३८ मध्ये लोहमार्ग सेलमपर्यंत आला आणि बॉस्टनला उतरलेला माल तासाभरात सेलममध्ये येऊ लागला. उथळ बंदराची गरज उरली नाही.

कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न १८४६ ते १८४९ या काळात याच जकातघरात अधिकारी होता. राज्यकर्ता पक्ष बदलला, नोकरी गेली, आणि १८५० मध्ये त्याची प्रसिद्ध कादंबरी ‘द स्कार्लेट लेटर’ बाहेर पडली. तिच्या आरंभीच्या दीर्घ प्रकरणात त्याने या ओस पडत चाललेल्या कचेरीचे असे काही चित्र रेखाटले की सेलमचे प्रतिष्ठित लोक चिडले. हॉथॉर्नचा एक पूर्वज १६९२ च्या खटल्यांतील न्यायाधीश होता, तर त्याचा पिता जहाजाचा कप्तान असून परदेशीच तापाने वारला. सेलमच्या दोन्ही इतिहासांचा वारसा असा एकाच माणसाकडे आला होता.

ऱ्हासाचे आणखी एक कारण धक्क्यावर दिसत नाही; ते जकातीच्या दरपत्रकात दडलेले आहे. हिंदुस्थानातून सेलमला जो माल येई त्यात सुती कापडाचा भरणा मोठा होता : जाडीभरडी पांढरी थाने, छापील चिटे, बांधणीचे रुमाल. अमेरिकन इंग्रजीतील रुमालाचे ‘बँडॅना’ हे नाव याच बांधणीवरून आलेले आहे. १८१६ च्या जकात कायद्याने मात्र असे ठरविले की, सुती कापडाची किंमत कितीही कमी असली तरी जकातीसाठी ती वाराला किमान पंचवीस सेंट धरावी. नावापुरती ही जकात सर्वांना सारखी होती. प्रत्यक्षात स्वस्त हिंदुस्थानी थानांची किंमत त्याहून पुष्कळ कमी असल्यामुळे सगळा भार त्यांवर पडला. मॅसॅच्युसेट्समध्ये नुकत्याच निघालेल्या गिरण्यांना हेच हवे होते. सेलमच्या जहाजमालकांचे हितसंबंध व त्याच राज्यातील गिरणीमालकांचे हितसंबंध येथे आमनेसामने आले, आणि गिरण्यांचा जय झाला. काही वर्षांनी जहाजातून मिळविलेला पैसाही गिरण्यांत गुंतला. १८३९ साली खुद्द सेलममध्ये नॉमकीग कापड कंपनी स्थापन झाली. सेलमची जहाजे आता अमेरिकेचे कापड घेऊन पूर्व आफ्रिकेत झांजिबारला जाऊ लागली. तेथे त्याला ‘मेरिकानी’ हे नाव पडले. झांजिबारची जकात मक्त्याने घेणारी जयराम शिवजी ही कच्छी भाट्यांची पेढी सेलमच्या व्यापाऱ्यांशी मोठी उलाढाल करी. हिंदुस्थानी कापड आणणारे गाव हिंदुस्थानी कापडाचा प्रतिस्पर्धी माल वाहू लागले, हा बदल एका पिढीत घडला.

शनिवारची दुपार संग्रहालयाला द्यावी. १७९९ साली सेलमच्या कप्तानांनी ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ हे मंडळ स्थापन केले. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न यांना वळसा घालून पलीकडे गेलेला कप्तान वा मालाचा कारभारी यांनाच त्याचे सभासद होता येई. मृत सभासदांच्या विधवा-मुलांना साहाय्य करणे, सफरींच्या रोजनिशी एकत्र करून ठेवणे आणि दूरदेशीच्या नैसर्गिक व मानवनिर्मित वस्तूंचा संग्रह करणे, असे मंडळाचे तीन उद्देश होते. १८२५ मध्ये त्यांनी आपले सभागृह बांधले. त्याच्या उद्घाटनास अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स उपस्थित होते. हे सभागृह आजच्या पीबडी एसेक्स संग्रहालयाचा गाभा आहे. दोन संस्था १९९२ साली एकत्र होऊन या संग्रहालयास सध्याचे नाव मिळाले. चीनच्या आनहुई प्रांतातील एका व्यापारी कुटुंबाचे अख्खे लाकडी घर सुटे करून येथे आणून पुन्हा उभारले आहे. ते २००३ पासून पाहावयास मिळते आणि बहुतेक पाहुण्यांचा वेळ तेथेच जातो.

मुंबईच्या अभ्यासकाने मात्र नसरवानजी माणेकजी वाडिया (१७५३–१८१४) यांची चौकशी करावी. मुंबईच्या गोदीशी निगडित असलेल्या प्रख्यात वाडिया घराण्यातील हे गृहस्थ अमेरिकी कप्तानांचे मुंबईतील अडत्ये होते. चिनी चित्रकाराने काढलेले त्यांचे तैलचित्र व त्यांनी पाठविलेला पारशी पोशाख १८०३ च्या सुमारास या मंडळाकडे आला. या भेटीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कप्तानांनी संग्रहासाठी उचलून आणलेल्या शेकडो वस्तूंहून ती वेगळी आहे. समोरच्या व्यापाऱ्याने आपली ओळख आपणच ठरवून पाठविलेली आहे. याच संग्रहात कलकत्त्याच्या बंगाली व्यापाऱ्यांचे मातीचे पुरुषभर उंचीचे पुतळेही आहेत. दीड-दोन वर्षे समुद्रावर राहून परतणाऱ्या कप्तानाला जो माणूस भेटे, ज्याच्या शब्दावर सगळा माल उचलला जाई, त्याचा चेहरा सेलममध्ये ठाऊक असणे ही व्यवहाराची गरज होती. वसाहतवादी सत्ता पाठीशी नसल्याने अमेरिकी व्यापाऱ्याला पतीवर आणि परस्पर विश्वासावर अवलंबून राहावे लागे. राज्यकर्त्या कंपनीच्या कागदपत्रांत देशी दलाल ज्या सुरात उल्लेखिला जातो त्याहून येथील सूर त्यामुळे निराळा लागतो. अर्थात त्यावरून सेलमकर उदार होते असे अनुमान काढू नये. १८०४ मधील मंडळाच्या वार्षिक मिरवणुकीत एक पालखी होती आणि ती वाहण्यासाठी हिंदुस्थानी पोशाख चढविलेल्या काळ्या माणसांना लावण्यात आले होते. ही नोंद सेलमचे पाद्री विल्यम बेंटली यांच्या दैनंदिनीत सापडते. मद्रासकडील एक मनुष्य एका कप्तानाबरोबर सेलमला आल्याची १७९० च्या अखेरची नोंदही तिच्यातच आहे. अमेरिकेतील भारतीयांच्या उपस्थितीच्या अगदी आरंभीच्या पुराव्यांत तिची गणना होते. १७९६ साली सेलमच्याच जेकब क्राउनिनशील्डने कलकत्त्याहून न्यूयॉर्कला उतरविलेला हत्ती पुढच्या वर्षी सेलममध्ये दाखविण्यात आला, तोही बेंटलींनी पाहिला. आधुनिक काळात हर्विट्झ दांपत्याचा भारतीय चित्रांचा मोठा संग्रह या संग्रहालयाकडे आला असून त्यात मुंबईच्या प्रोगेसिव्ह गटातील हुसेन यांची चित्रे मोठ्या संख्येने आहेत.

रविवारी सकाळी चेस्टनट रस्त्याने चालावे. मिरी, चहा आणि कापड यांच्या नफ्यातून बांधलेली तिमजली घरे येथे दुतर्फा आहेत. वास्तुकार व काष्ठशिल्पकार सॅम्युएल मॅकिंटायर (१७५७–१८११) याच्या हातचे काम या भागात जागोजागी दिसते. त्याच्याच आराखड्यावर उभारलेल्या हॅमिल्टन सभागृहात जॉन रेमंड हे कृष्णवर्णी गृहस्थ मेजवान्यांची व्यवस्था पाहात. त्यांची मुले चार्ल्स व सारा गुलामगिरीविरोधी चळवळीतील नामांकित वक्ते झाली. सारा पार्कर रेमंड यांनी १८५९ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर भागात जाऊन गिरणी कामगारांपुढे, त्यांच्या चात्यांवर येणारा अमेरिकी कापूस गुलामांच्या श्रमाचा आहे, हे मांडले. कापसाचा धागा येथेही आहेच. १९१४ च्या भीषण आगीत तेराशेहून अधिक इमारती जळाल्या, नॉमकीग गिरणीही गेली. हा भाग आणि डर्बी धक्क्याचा परिसर सुदैवाने बचावला.

सात छपरांचे घर १६६८ चे आहे व हॉथॉर्नच्या कादंबरीमुळे गर्दी खेचते. त्याहून, १९९२ साली उभारलेले खटल्यांतील बळींचे स्मारक पाहावे : भिंतीतून पुढे आलेली दगडी आसने, प्रत्येकावर एक नाव आणि मृत्यूचा दिनांक. फाशीची नेमकी जागा २०१६ मध्ये निश्चित झाली आणि पुढील वर्षी तेथेही स्मृतिशिळा बसविली गेली. तेथे टोप्या विकल्या जात नाहीत.

संशोधनाच्या हेतूने येणाऱ्यास एक अडचण ठाऊक असावी. ज्या रोजनिशी, हिशेबवह्या व पत्रे यांवर वरील बराचसा इतिहास आधारलेला आहे, ती आता सेलममध्ये नाहीत. संग्रहालयाचे फिलिप्स ग्रंथालय २०११ साली दुरुस्तीसाठी बंद झाले. ते गावात परत येणार नाही हे २०१७ च्या अखेरीस जाहीर होताच नागरिकांनी व इतिहासाभ्यासकांनी तीव्र विरोध केला. आपल्या पूर्वजांनी जगभरातून आणलेल्या वस्तू गावात राहाव्यात आणि त्या कशा आणल्या हे सांगणारे कागद मात्र बाहेर जावेत, हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो गैरवाजवी म्हणता येत नाही. व्यवस्थापनाने सुरक्षित साठवणीसाठी लागणाऱ्या जागेचे कारण पुढे केले. २०१८ मध्ये ग्रंथालय उत्तरेकडील राउली या गावी उघडले, त्यामुळे त्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा लागतो. नसरवानजींच्या जहाजांचा एका बाजूचा हिशेब तेथील दप्तरात शोधावयाचा. दुसऱ्या बाजूसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारातील कंपनी सरकारच्या व्यापारी खात्याची दप्तरे उघडावी लागतात.